मावशीची नाटकं आणि पुराव्याची फाईल : माझा अनुभव

माझी मावशी नाटकवाली. म्हणजे टीव्हीत दिसणारी नव्हे, गावोगावच्या यात्रेत गावातलीच पोरं जी नाटकं बसवतात त्यात बायकांची कामं करायला कोल्हापुरातनं ज्या बायका जायच्या, त्यातली ती एक. १९७९ ते २००८, जवळपास तीस वर्षं. आज तिचं वय ६७, मंगळवार पेठेत एका खोलीत राहते, मूलबाळ नाही, काका जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी तिच्यासाठी शासनाच्या कलावंत मानधनाचा अर्ज भरला, ते सगळं इथं लिहून ठेवतेय कारण मला तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सोडा, इथल्या माझ्या ऑफिसमधल्या पोरींनाही माहीत नव्हतं. गुढीपाडव्यानंतर गावागावांच्या यात्रा सुरू होतात, यात्रेच्या दुसऱ्या रात्री नाटक. हिरो म्हणजे गावातला कुणी साखर कारखान्यावर कामाला असलेला, व्हिलन म्हणजे दूध डेअरीचा सेक्रेटरी, दिग्दर्शक म्हणजे शाळेतले गुरुजी. हे सगळे दोन महिने शाळेच्या वर्गात तालमी करणार. आणि बायकांची कामं? गावातली बाई स्टेजवर उभी राहायची नाही, मग कोल्हापूर सांगलीहून बाई ठरवायची, तिला नाईट द्यायची. मावशीला सुरुवातीला एका नाईटचे शंभर रुपये मिळायचे. ती दुपारच्या एसटीने जायची, गावात पोचल्यावर एकदा रंगीत तालीम, की रात्री दहाला पडदा वर. ज्याला चार तासांपूर्वी पहिल्यांदा बघितलं त्याची बायको, आई, वहिनी, जे असेल ते व्हायचं, आणि तो पठ्ठ्या घाबरून वाक्य विसरला की त्याचंही वाक्य आपल्या बोलण्यात घालून प्रवेश पुढे न्यायचा. पहाटे तीनला नाटक संपलं की कुणाच्या तरी सोप्यात पाठ टेकायची आणि पहिल्या गाडीने परत, कारण त्याच रात्री दुसऱ्या गावात दुसरं नाटक. सीझनला सलग वीस वीस दिवस असं चालायचं. चाळीसच्या वर नाटकांतल्या भूमिका तिला पाठ होत्या, अजून आहेत. मला विचाराल तर ही साधी गोष्ट नाही, अख्ख्या जिल्ह्यातलं गावाकडचं नाटक अशा पंधरा वीस बायकांनी उचलून धरलं होतं.

तर मानधन योजना. पूर्वी हिला वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन म्हणायचे, त्यात कलावंताला अ ब क श्रेणी असायची आणि श्रेणीप्रमाणे वेगळी रक्कम. २०२४ मध्ये योजनेचं नाव बदलून राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना असं झालं आणि एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिन्याला ५००० रुपये झाले. अटी साधारण अशा की वय ५० च्या वर पाहिजे, कलेत किमान १५ वर्षं घालवलेली पाहिजेत, वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत पाहिजे आणि दुसरी कुठली सरकारी पेन्शन नको. एका जिल्ह्यातनं वर्षाला १०० जणांची निवड होते. अर्ज आता ऑनलाइन.

मावशीला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती सरळ नाही म्हणाली. "मी काम करून पैसं घेतलो, आता बसून कशाला घेऊ?" आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, घेतलो, गेलो, आलो. मी दोन महिने विषय काढला नाही.

मग ऑगस्ट आला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. कोल्हापूरकरांना ती रात्र सांगायची गरज नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली सुरू झालेलं थिएटर, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग मैदान, म्हणजे एका बाजूला कुस्ती आणि एका बाजूला नाटक, महाराजांनी दोन्ही एकाच अंगणात ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी ९ तारखेला केशवराव भोसल्यांची जयंती होती. मावशी त्या सकाळी मला न सांगता एकटी चालत तिकडे गेली होती. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा त्या स्टेजवर तिने काम केलं होतं, बाकी तीस वर्षं यात्रेतल्या मांडवात, पण तिच्या दृष्टीने खरं स्टेज ते एकच. आली तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "त्या योजनेला म्हाराजांचं नाव हाय म्हणालीस न्हवं? भर मग."

सोपी कागदपत्रं आठवड्यात झाली. आधार, रेशनकार्ड, अधिवास, बँक पासबुक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, तो ती चौथीपर्यंत शिकलेल्या शाळेत चक्क मिळाला. एक सांगते, बँक खातं आधारशी लिंक आहे का ते सगळ्यात आधी बघा, पैसे त्यावरच येतात.

अडलं ते कलेच्या पुराव्याला. कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो, असं काहीतरी जोडायचं असतं. मावशीची एक पत्र्याची ट्रंक होती, त्यात सगळं होतं, स्पर्धेची दोन्ही प्रमाणपत्रं, फोटो, ढीगभर हँडबिलं. २०१९ च्या महापुरात ती ट्रंक पाण्यात गेली, कारण आदल्या वर्षी घरात जागा नाही म्हणून तिने ती शुक्रवार पेठेत नणंदेकडे ठेवली होती. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता लगदा. तीस वर्षांचं काम, आणि कागदावर एक ओळ नाही. एका माणसाने तर मला सांगितलं की दोन हजार द्या, संस्थेचं पत्र मी आणून देतो. मी दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका, कारण खरं काम केलेल्या बाईने खोटं पत्र जोडायचं हेच मला सहन झालं नसतं.

मग मी उलटीकडनं विचार केला. मावशीकडे नसेल, पण ज्यांनी तिला बोलावलं त्यांच्याकडे असेल की. तिच्याकडनं गावांची यादी काढली, ती नुसती बोलत गेली आणि मी लिहीत गेले, एकशे तेरा गावं निघाली. भुदरगड, राधानगरी, पन्हाळा, कागल, थेट आजऱ्यापर्यंत. त्यातली सहा निवडली आणि पुढचे पाच रविवार गाडीवर मावशीला मागे बसवून फिरले.

पहिल्या दोन गावांत काहीच मिळालं नाही, नाटक मंडळच बंद पडलेलं. पण माणसं ओळखत होती हो! एका गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने मावशीला बघून पंचवीस वर्षांपूर्वीच्या नाटकातलं तिचं वाक्य म्हटलं आणि मावशीने तिथंच उभं राहून पुढचं वाक्य टाकलं. मी कागद शोधायला आलेली आणि माझ्यासमोर हा खरा पुरावा उभा, पण तो अपलोड कसा करणार?

तिसऱ्या गावात गुरुजी भेटले. वय ८४, ते त्या गावाचे दिग्दर्शक पण आणि प्रॉम्प्टर पण, विंगेत कंदील घेऊन बसायचे. त्यांनी १९८१ पासूनचं प्रत्येक वर्षाचं हँडबिल वहीत चिकटवून ठेवलं होतं. पिवळं, गुलाबी, हिरवं. वर ग्रामदैवताचं नाव, मग नाटकाचं नाव, मग सरपंच, चेअरमन, सगळ्या देणगीदारांची नावं, आणि अगदी खाली बारीक अक्षरात "स्त्री कलाकार", पुढे मावशीचं नाव आणि कंसात कोल्हापूर. नऊ हँडबिलांवर ती होती. गुरुजींनी वही झेरॉक्सला बाहेर दिली नाही, बरोबर आहे त्यांचं, मी तिथंच मोबाईलवर स्कॅन केलं. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून दिलं, कुठल्या साली कुठलं नाटक, कुठली भूमिका, खाली सही, ग्रामपंचायतीचा शिक्का.

पण नऊ हँडबिलांनी पंधरा वर्षं भरत नव्हती. तेव्हा मावशीलाच आठवलं, ड्रेपरीवाले! नाटकाचे कपडे, दाढी मिशा, जिरेटोप, तलवारी भाड्याने देणारे. शहरात आता फार थोडे उरलेत. ज्यांच्याकडे गेलो त्यांच्या वडिलांनी बुकिंगची रजिस्टरं ठेवली होती, लाल कापडी बांधणीची. गाव, तारीख, नाटक, मावळे किती, अंगरखे किती. आणि बाईच्या ब्लाउजचं माप लागतं म्हणून त्यापुढे बाईचं नाव. पान उलटेल तिथं मावशी. १९८४, ८५, ८६, एकेका सीझनला पंधरा सतरा नोंदी. त्या माणसाने शिंप्याच्या सोयीसाठी लिहिलेलं, आणि तोच आमच्या जिल्ह्यातल्या नाटकाचा सगळ्यात पक्का इतिहास निघाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळायच्या आधी नाटकाचे पडदे रंगवायचे हे आम्ही अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे, पण या रजिस्टरातल्या बायकांची नावं मला एकाही फलकावर दिसलेली नाहीत. मी त्या दुकानात रडले. मावशी नाही रडली, ती आपली मापं वाचत होती आणि "तवा किती बारीक हुतो बग" म्हणत होती.

शहरातल्या एका नाट्यसंस्थेने शिफारसपत्र दिलं, त्यांच्या दोन जुन्या सभासदांनी स्पर्धेत तिच्याबरोबर काम केलेलं होतं. सगळं जोडून ऑक्टोबरमध्ये अर्ज भरला. पीडीएफ मोठी झाली की अपलोड होत नाही, तीन संध्याकाळी त्यातच गेल्या, फाईल लहान करून पण अक्षर वाचता येईल एवढी ठेवावी लागते.

महिन्याभराने त्रुटी निघाली. हँडबिलावरचं नाव वेगळं, आधारवरचं वेगळं. अर्थात वेगळं, एक नाटकातलं, एक लग्नानंतरचं! त्या काळात नाटकात काम करणारी बाई सासरचं आडनाव छापू देत नसे, सासरचे देऊ देत नसत. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही, पण तिथल्या माणसाने मला विचारलं की ही तीच बाई कशावरून. मला खूप लागलं ते. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र केलं, गुरुजींनी दुसरं पत्र दिलं त्यात दोन्ही नावं लिहिली, ड्रेपरीवाल्यांनीही दिलं. तुमच्या घरात कुणाचं असं असेल तर हे प्रतिज्ञापत्र पहिल्यांदाच जोडा, आमचे दोन महिने वाचले असते.

फेब्रुवारीत समितीपुढे बोलावलं. बाहेर बाकावर शाहीर होते, सोंगी भजनवाले होते, एक ढोलकीवाले आजोबा ढोलकी घेऊनच आलेले, सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. मावशीने इस्त्रीची नऊवारी नेसली होती. आत मी नव्हते, दार अर्धं उघडं होतं. काहीतरी करून दाखवा म्हणाले असणार, कारण एकदम तिचा आवाज आला, सोयराबाईचा प्रवेश, तिच्या घरातला आवाज नव्हेच तो, मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत माईक नसताना पोचवायचा आवाज. बाकावरची माणसं बोलायची थांबली. ढोलकीवाले आजोबा हळूच म्हणाले, ही नाटकातली बाई दिसते.

एप्रिलमध्ये मंजूर झालं. जूनमध्ये पहिले पैसे आले, मेसेज मी वाचून दाखवला. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो तेवढं मी फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवलंय. पहिल्या पैशातनं मावशीने गुरुजींना धोतरजोडी घेतली आणि मला परत तिकडे गाडी काढायला लावली.

आणि आता तिने मला कामाला लावलंय. तिच्याबरोबर नाईट करणाऱ्या दोघी अजून आहेत, एक कसबा बावड्यात, एक गडहिंग्लजकडे भावाकडे राहते, दोघींकडे कागद शून्य. ड्रेपरीवाल्यांच्या रजिस्टरात मी त्यांच्याही पानांचे फोटो काढून आणलेत, बावड्याच्या मावशींची अकरा वर्षं भरली, चार कमी पडतात. येत्या रविवारी आजऱ्याकडच्या दोन गावांत जायचंय. तुमच्या गावात यात्रेतल्या नाटकांची जुनी हँडबिलं कुणाच्या माळ्यावर असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका, खालची बारीक अक्षरं एकदा वाचून बघा आणि फोटो काढून ठेवा.