लेक मीडचा पांढरा पट्टा

मागच्या वर्षी दादाकडे हेंडरसनला (लास वेगासला अगदी लागूनच आहे) गेले होते तेव्हा पहिल्याच रविवारी त्याने हूवर धरण बघायला नेलं. १९३० च्या दशकात कोलोरॅडो नदीवर बांधलेलं ७२६ फूट उंचीचं धरण, त्यामागे अडलेलं पाणी म्हणजे लेक मीड, पण माझी नजर भिंतीवर ठरेचना, मागच्या डोंगरांवर चुना फासल्यासारखा जो पांढराफटक पट्टा आहे ना, तिकडेच जात होती. पूर्वी पाणी तिथपर्यंत असायचं, ते उतरलं आणि क्षार कातळावर तसेच राहिले. जुलै २०२२ मध्ये तर लेक जेमतेम २७ टक्क्यांवर आला होता.

वेगासचं सुमारे ९० टक्के पाणी इथूनच येतं. दादा म्हणाला घरातलं मोरी, बेसिन, शॉवरचं पाणी शुद्ध करून परत लेकमध्येच सोडतात, त्यामुळे खरं नुकसान होतं ते बाहेर बागेला घातलेल्या पाण्याचं, म्हणून तर २०२१ मध्ये कायदा करून रस्त्याकडेची, ऑफिसांसमोरची नुसती शोभेची लॉन काढायला लावली. मला हे फार पटलं. पण लेक उतरल्यावर राज्यांच्या पाण्यात जी कपात झाली, तिचा पहिला मोठा फटका बसला शेजारच्या ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांना, कारण कोलोरॅडोचं पाणी तिकडे नेणारा कालवा मंजूर करून घेताना १९६८ मध्येच कबूल केलं होतं की टंचाई आली तर आधी कॅलिफोर्नियाला पाणी. ५०-५५ वर्षांपूर्वीची अट, आणि तिथल्या पिनल काउंटीत रानं पडीक ठेवायची वेळ आता आली. टेलएंडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं दुःख आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

नंतर सेंट थॉमसला गेलो. १९३८ मध्ये लेक मीडमध्ये बुडालेलं गाव, शेवटचा माणूस म्हणे होडीत बसून निघाला. पाणी मागे गेल्यापासून ते उघडं पडलंय. पायाखाली शिंपल्यांचा कचकच आवाज, झुडपांमध्ये घरांचे चौथरे, शाळेच्या पायऱ्या, आईस्क्रीमच्या दुकानाचं एक धुराडं. आणि त्याच खोऱ्यात पुएब्लो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची शेकडो वर्षं जुनी वस्ती होती, तिचाही बराच भाग पाण्याखाली गेला, हे वाचल्यावर मला तिथून लवकर निघवेना.

आईचं माहेर उजनी धरणात गेलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा ती हट्टाने जाते. रात्री तिला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले, एका चौथऱ्यापाशी थांबवलं तिने आणि विचारलं, "हे कुणाचं घर गं?"

दादाला काही सांगता येईना. मलाही.