माझं १.१, आईचं १.१

मार्चमध्ये आईचं रक्त द्यायला पंचवटीतल्या लॅबमध्ये गेलो होतो. मीही उपाशीपोटी होतोच, म्हणून माझंही देऊन टाकलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आले. क्रिएटिनिन माझं १.१, आईचंही १.१. दोन्ही छापील मर्यादेत. आई खूश. "बघ, माझी किडनी तुझ्याएवढी तरुण आहे."

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी मात्र तिचाच कागद हातात धरून ठेवला. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत, मूत्रपिंड ते गाळून बाहेर टाकतं. मी ४२ वर्षांचा, ७८ किलोचा. आई ६८ची, ४४ किलो. तिच्या अंगात ते मुळात कमीच तयार होणार. तरीही रक्तात माझ्याइतकं साठतंय, म्हणजे गाळणी मंदावली आहे. त्यांनी मोबाईलवर २०२१चं सीकेडी-ईपीआय सूत्र उघडलं. वय, बाई की पुरुष, आणि क्रिएटिनिन. माझा ईजीएफआर, म्हणजे गाळणीच्या वेगाचा अंदाज, ८६ आला, आईचा ५५. घरी येऊन मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं (सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षं काढल्यावर ही खोड जात नाही). तेच आलं. सूत्रात वजन नाहीच, त्यामुळे आईसारख्या काडीपैलवान बाईचा खरा आकडा आणखी खाली असू शकतो. ते पडताळायला सिस्टॅटिन सी नावाची तपासणी असते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

मग आईची जुनी फाईल काढली, क्रिएटिनिन बघायला. ०.९, १.०, १.०, १.१. चार वर्षं नॉर्मल, नॉर्मल. पंच करून फाईलला लावणारा मीच. गुडघ्यासाठी मेडिकलमधून पेनकिलरची पाकिटं आणणाराही मीच.

एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. साठच्या खालचा ईजीएफआर तीन महिने टिकला तर आजार म्हणायचा. जूनमध्येही तो टिकला. लघवीतून किती प्रथिन गळतंय ते सांगणारं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २६०, तीसच्या आत हवं. मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या पेनकिलर बंद, बीपीची गोळी चालू, आणि मूत्रपिंड जपायला नवी गोळी डापाग्लिफ्लोझिन. २०२०च्या डापा-सीकेडी चाचणीत ४३०४ रुग्णांवर ती तपासली होती; मूत्रपिंड निम्म्याने खालावणं, निकामी होणं किंवा त्यापायी वा हृदयविकाराने मृत्यू, हा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला.

महिन्याभराने क्रिएटिनिन १.२. मी हादरलो. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला एवढं वाढतंच, गाळणीवरचा दाब उतरतो म्हणून.

या जातीच्या औषधांचा मूळपुरुष फ्लोरिझिन, १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेला. हे आईला सांगितलं, तर म्हणाली, "साल ना? मग आयुर्वेदिकच की!"

गोळी आता न चुकता घेते. परवा मात्र देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीखाली, पेनकिलरचं अर्धं पाकीट सापडलं.