तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यांच्या घरी पैसाच नाही, त्यांना बचत काय शिकवता?

हा प्रश्न मला देणगीदारांनी विचारलाय, नातेवाइकांनी विचारलाय, वर्ग बघायला आलेल्या साहेबांनीही विचारलाय. ‘अहो, जिथं दोन वेळचं भागत नाही तिथल्या पोरांना बचत काय शिकवता?’ बारा वर्षांत मी याची नाना उत्तरं दिली. काही पाठ केलेली, काही चिडून दिलेली. आज एकदाच सगळं सांगते, मला अडचणीचं आहे तेही.

आधी एक गोष्ट. गरिबाच्या घरात पैसा नसतो, असं तुम्ही धरून चालता. पैसा असतो. थोडाथोडा येतो, आला तसा जातो आणि पुन्हा कधी येईल त्याचा भरवसा नसतो. म्हणूनच तिथं हिशेब जास्त करावा लागतो. चौथीतल्या एका मुलाला भागाकार काही केल्या जमत नव्हता. पण घरचं कर्ज किती, दर आठवड्याला त्यातलं किती फिटतं आणि व्याजातच किती जातं, हे तो मला बोटांवर मोजून सांगायचा. उधार आणायला दुकानात कुणाला पाठवतात? मुलांनाच. मोठ्यांना लाज वाटते म्हणून. तेव्हा पैशाची ओळख या मुलांना मी करून देत नाही. ती त्यांना आधीच झालेली असते, आणि फार कडू झालेली असते.

मग मी काय शिकवते? मोजणं आणि लिहिणं शिकवते. चार जणांसमोर उभं राहून विचारणं शिकवते, ‘नको’ म्हणायला शिकवते. यातलं पहिलं आर्थिक, उरलेलं सामाजिक, आणि ही जोडी तोडायची नाही यावर मी आजही हटून बसते. ही कल्पना काही माझी नाही. समाजकार्यकर्त्या जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ मध्ये मुंबईत मुलांसोबत सुरू केलेल्या कामातून ती आली. २००५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ‘अफलातून’ ही संस्था उभी राहिली आणि हक्क, जबाबदाऱ्या, बचत, खर्च, नियोजन हे सगळं एकाच वर्गात शिकवण्याची पद्धत देशोदेशी गेली. घानामधल्या सरकारी शाळांत याची रीतसर तपासणी झाली. काही शाळांत नुसतं पैशाचं शिक्षण, काही शाळांत त्याला सामाजिक शिक्षणाची जोड, काही शाळांत काहीच नाही. नऊ महिन्यांनी दिसलं ते असं: नुसता पैसा शिकवला तिथली मुलं, काहीच न शिकवलेल्या मुलांपेक्षा कमाईच्या कामाला जास्त लागली. जोड दिली तिथं तसं आढळलं नाही.

सभांमध्ये मी इथं थांबायचे. पुढचं सांगायचे नाही. त्याच तपासणीत असंही निघालं, की त्या दोन पद्धतींमधला फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता. शाळेत बचत वाढली खरी, पण मुख्यतः मुलांनी घरात ठेवलेले पैसेच शाळेच्या पेटीत आणले होते. बाकी फारसा बदल दिसला नाही. हे मी का लपवत होते? तुमचा प्रश्न टाळायचा होता म्हणून.

आता पेटीचं सांगते.

आमची पत्र्याची पेटी होती, दोन कुलपांची. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मुलांनी मतं देऊन निवडलेल्या खजिनदाराकडे. त्या वर्षी सहावीतली एक मुलगी निवडून आली होती. किल्ली ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. दर शुक्रवारी पेटी उघडायची आणि वहीत सगळ्यांची नोंद व्हायची. तारीख, नाव, जमा, काढले, कशासाठी, सही. ‘कशासाठी’ हा रकाना मुलांनीच सुचवलेला. ती स्वतः कशासाठी साठवतेय, हे मात्र तिने कधी सांगितलं नाही. ‘अजून ठरलं नाही, बाई. ठरलं की लिहीन.’ मी तिच्या मागे लागायचे, कारण पाठात लिहिलं होतं की बचतीला उद्दिष्ट हवं.

एका दुपारी वर्ग चालू असताना तिचे वडील आले. चपला दाराबाहेर काढल्या. आवाज चढवला नाही.

‘बाई, पोरीचे पैसे द्या. नड आहे.’

‘दादा, पैसे तिचे आहेत. तिला विचारावं लागेल.’

‘आणि पोर कुणाची आहे?’

वर्ग चिडीचूप झाला. ‘माझे पैसे, माझा निर्णय’ हा तक्ता त्याच मुलांनी आदल्या आठवड्यात रंगवून भिंतीवर लावला होता. मी त्या तक्त्याकडे पाठ करून उभी होते. डोक्यात एकदम काय काय आलं. नाही म्हटलं तर हा माणूस तिला शाळेतून काढेल. चार बाप ऐकतील, तेही काढतील. ‘पालकांशी वाद नको’ असं मुख्याध्यापकांनी बजावून ठेवलं होतं, ते उद्या पेटीच बंद करतील. हे सगळं खरं होतं. पण या सगळ्यात तिला विचारायचं राहूनच गेलं. मी एवढंच म्हणाले, ‘किल्ली आण.’

दोरा डोक्यावरून काढताना तिच्या वेणीत अडकला. तो मी सोडवून दिला. माझ्या हाताला ते अजून आठवतं. तिने तिचं कुलूप उघडलं, मी माझं. शिकवल्याप्रमाणे तिने दहा-दहा नाण्यांच्या चवडी लावल्या. वडिलांना मोजता येईना, म्हणून त्यांच्यासमोर पुन्हा एकदा मोजलं. त्यांनी रुमालात बांधलं आणि गेले. मग तिने वही पुढे ओढली, तारीख घातली, नाव लिहिलं, रक्कम लिहिली, आणि पेन थांबवून विचारलं, ‘बाई, इथं काय लिहू?’

मी म्हणाले, ‘राहू दे ते. सही कर.’

पुढच्या शुक्रवारी तिने पेटी उघडली, सगळ्यांचे पैसे घेतले, सगळ्यांच्या नोंदी केल्या. स्वतःचं काही टाकलं नाही. वर्षअखेरपर्यंत नाही. किल्ली परत देताना म्हणाली, ‘पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला करा.’

नड खरी होती, हे मला नंतर कळलं. धाकट्या भावाच्या दवाखान्याला पैसे लागले होते. तेव्हा मी स्वतःची समजूत काढली, की पैसे सत्कारणी लागले, मग बिघडलं कुठे? आज त्या मला मी विचारते, तिला विचारलं असतंस तर ती नाही म्हणाली असती का? तिने दिलेच असते. पेटी स्वतः उघडून, भावासाठी म्हणून दिले असते आणि ‘कशासाठी’च्या रकान्यात तसं लिहिलं असतं. तिचं ते देणं मी तिच्याकडून काढून घेतलं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी मुलांना सांगितलं, थांबा, याहून चांगले रंग आणून देते. निम्म्या मुलांना ते आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं, नाहीत आमच्याकडे. मग समोर एक गोड गोळी ठेवली आणि म्हटलं, थांबलात तर दुसरीही मिळेल. शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसलेली मुलं तीनच मिनिटं. ‘या मुलांना धीरच नाही,’ असं तुम्ही म्हणता ना, तेव्हा मला ही तीन मिनिटं आठवतात. आणि रंग न आणणारी बाई मीच होते, हेही आठवतं.

पुढच्या वर्षी नियम बदलला. पालक आले तर मुलाला आधी बाजूला घेऊन विचारायचं, सोबत दोन वर्गमित्र हवेत, मी मध्ये बोलायचं नाही. एका मुलाची आई आली. तो ‘नको’ म्हणाला. या वेळी मी त्याच्या बाजूने उभी राहिले, आणि मनातून सुखावले. पुढच्या शुक्रवारी त्याची जागा रिकामी होती. तो पुन्हा त्या शाळेत आला नाही. नातेवाइकांकडे कामाला धाडला, असं ऐकलं. ‘हक्क शिकवून घरात भांडणं लावता,’ असं म्हणणाऱ्यांवर मी पूर्वी तुटून पडायचे. आता तसं होत नाही.

युगांडातल्या १३६ प्राथमिक शाळांत असंच बचतीचं काम तपासलं गेलं. पैसे शालेय खर्चालाच बांधून ठेवले तिथं मुलांनी कमी साठवले, रोख हातात मिळणार होते तिथं जास्त. आणि तशी मोकळीक देऊन पालकांनाही जोडीला घेतलं तिथं शालेय वस्तूंची खरेदी वाढली, गुणही वाढले. पालकांसोबत मी आता बसते. वर्ग सुरू करण्याआधी, त्यांच्या दारात, त्यांच्या सवडीने. त्यांनाही पटतंच असं नाही. एक आजोबा म्हणाले, ‘आमच्यावर भरवसा नाही म्हणून कुलूप लावता होय?’ मी नाही म्हणाले. मनापासून म्हणाले का, ते सांगता येत नाही.

ती वही तपासणीला गेली तेव्हा संस्थेच्या हिशेबनिसांनी रिकाम्या रकान्यावर पेन्सिलीने गोल केला. ‘घरखर्च असं भरून टाका, मॅडम, विषय संपेल.’

मी भरलं नाही. गोल तसाच आहे.