जयगाव–फुंटशोलिंग : कमानीच्या दोन्ही बाजूंचा बाजार

भूतानला निघालेले बरेच मराठी ग्रुप जयगावला रात्री उतरतात आणि सकाळी परमिट काढून थेट पारो-थिंपूचा रस्ता धरतात. सरहद्दीवरचा बाजार बघायचा राहूनच जातो. त्यासाठी अर्धा दिवस जरूर राखून ठेवावा.

जयगाव पश्चिम बंगालच्या अलीपूरद्वार जिल्ह्यात येतं, कमानीपलीकडे भूतानचं फुंटशोलिंग. जवळचं स्टेशन हासीमारा, तिथून रस्ता साधारण १८ किलोमीटर. रंगीत भूतान गेट गाड्यांसाठी आहे, पायी जाणाऱ्यांनी बाजूच्या टर्मिनलमधून जायचं. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण खिशात फक्त आधार कार्ड असतं आणि ते चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, तेही मूळ. मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या. फुंटशोलिंग गावापुरतं, २४ तासांच्या आत परतायचं असेल तर भूतानची माणशी रोजची १२०० रुपये पर्यटन फी लागत नाही. रिंचेंदिंगच्या चौकीपुढे मात्र परमिट हवंच.

भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. सरहद्दीवर फोन कधी या बाजूचा टॉवर पकडतो, कधी त्या बाजूचा, आणि वेळ आपोआप बदलते. ऑटोवाल्याला 'पाच वाजता' सांगताना कुठले पाच तेही ठरवून घ्या.

न्गुल्त्रुम हे भूतानचं चलन, त्याचा आणि रुपयाचा भाव एकास एक. तिकडे रुपये चालतात, पण सुटे न्गुल्त्रुममध्येच हातात पडतात. जयगावचे दुकानदार ते घेतात, पुढे हासीमाऱ्याच्या गाडीत त्यांना कोणी विचारत नाही. उरलेले जयगावातच चहा-फळांवर संपवा.

आता खरेदी. किराणा, कपडे, भांडी, प्लास्टिक यांसाठी भूतानी लोकच जयगावात येतात, त्यामुळे खरी गर्दी आपल्या बाजूला असते. इथे घासाघीस चालते. ड्रुक या भूतानी ब्रँडचा जॅम आणि लोणचीही इथे मिळतात, तेवढ्यासाठी टर्मिनलला रांग लावू नका. पलीकडे जायचं ते हातमागासाठी.

किरा म्हणजे भूतानी बायका अंगाभोवती गुंडाळून नेसतात ते वस्त्र. पूर्ण किरा अखंड कापडाचा नसतो. कमरेला पट्टा बांधून बसायच्या मागावर कापड अरुंद निघतं, म्हणून तीन पट्ट्या उभ्या जोडतात. दुकानात किरा पूर्ण उलगडायला सांगा आणि ते दोन जोड बोटांनी शोधा. जोडच नसेल तर माल यंत्रमागाचा. जोड सापडला तरी तेवढ्यावर भागत नाही, कापड उलटून बघा. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील तर ते यंत्राचं काम. हातच्या कुशुथारात, म्हणजे भरगच्च नक्षीच्या किऱ्यात, नक्षी पुढच्या बाजूलाच उठते आणि मागची बाजू जवळजवळ स्वच्छ असते. यंत्रमागाचं कापड वाईट असतं असं नाही, भूतानी बायका रोज तेच नेसतात. फक्त त्याला हातमागाचा भाव देऊ नका.

छुर्पीही घ्या. दोऱ्यात ओवलेले हे चीजचे तुकडे दगडासारखे कडक असतात. चावायला गेलात तर दाढ दुखावेल, गालात धरून सावकाश चघळायचे.

आणि पलीकडे जाताना पिशवीत हिरव्या मिरच्या नकोत. कीटकनाशकांच्या अंशामुळे भूतानने २०१६ मध्ये भारतीय मिरचीची आयात बंद केली.