चंद्रमे जे अलांछन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. मैदान, सहली, स्नेहसंमेलनं यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मला लिहायचंय ते एका शब्दाविषयी. परिपाठात आम्ही तो रोज म्हणायचो: अलांछन.

आठवीत बाईंनी पसायदान अर्थासह शिकवायला घेतलं. फळ्यावर पांढऱ्या खडूने 'लांछन' लिहिलं, आणि त्याच्या आधी लाल खडूने मोठा 'अ' काढला. मग विचारलं, "चंद्रावर काय दिसतं रे?" कुणी ससा म्हणालं, कुणी हरीण. "म्हणूनच तो शशांक आणि मृगांक. अंक म्हणजे खूण. लांछन म्हणजेही मुळात खूणच." वर्गात एक जैन मैत्रीण होती. बाईंनी तिला विचारलं, "तुमच्या मंदिरात कुठली मूर्ती कुठल्या तीर्थंकरांची, ते कसं ओळखता गं?" ती चटकन म्हणाली, "खाली लांछन असतं ना, बाई. आदिनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा नाग, चंद्रप्रभूंची चंद्रकोर." त्या लांछनात दोषाचा लवलेश नाही, ती नुसती ओळख आहे. आपण मात्र बोलताना खुणेचा डाग करून टाकला. कुळाला लांछन लागतं, नावाला लांछन लागतं. बिचाऱ्या चंद्राचं तर विचारूच नका. गणेश चतुर्थीला त्याच्याकडे पाहिलं तरी चोरीचा आळ येतो म्हणतात, आणि त्या आळातून साक्षात श्रीकृष्णही सुटला नाही. स्यमंतक मणी शोधून आणून द्यावा लागला, तेव्हा कुठे लोकांची तोंडं बंद झाली.

पुढे संस्कृतच्या सरांनी कालिदास वाचून दाखवला. कुमारसंभवाच्या सुरुवातीलाच हिमालयाचं वर्णन येतं. बर्फ हा त्याचा एक उणेपणा, पण इतक्या गुणांत एखादा दोष बुडून जातो, जसा चंद्राचा डाग त्याच्या किरणांत. शाकुंतलात तर तो डागच चंद्राची शोभा वाढवतो. कालिदास डाग मान्य करतो आणि त्यावर प्रेम करतो, हे मला तेव्हाही फार आवडलं होतं. त्याच शाकुंतलाच्या पहिल्या अंकात हरणाचा पाठलाग करणाऱ्या राजाला तपस्वी थांबवतो: 'आर्तत्राणाय वः शस्त्रं न प्रहर्तुमनागसि.' तुमचं शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे, निरपराधावर चालवण्यासाठी नाही. आगस् म्हणजे अपराध. आपला 'निरागस' त्यातूनच आला. आज तो लहान मुलांच्या चेहऱ्यापुरता उरलाय, पण त्याचा मूळ अर्थ आहे, ज्याने अपराध केलेला नाही तो. वकिली करताना मी पुष्कळ कायदे वाचले. सत्तेला घालून दिलेली याहून नेमकी मर्यादा माझ्या वाचनात नाही.

आता तालुक्याच्या कोर्टात रोज कानावर पडतो तो शब्द म्हणजे 'निर्दोष'. आरोपीची निर्दोष मुक्तता. निकालाची नक्कल हातात पडते, जामीनदार सुटतात, केस संपते. माझ्या एका अशिलाची अशीच मुक्तता झाली, संशयाचा फायदा देऊन. तो पेढे घेऊन आला. पुढे मुलीसाठी स्थळं पाहायला लागला, तेव्हा पुन्हा माझ्याकडे आला, हातात तीच नक्कल. "साहेब, पाहुणे विचारतात, संशयाचा फायदा म्हणजे संशय होताच ना?" मी त्याला कायदा समजावून सांगितला. आरोप सिद्ध करणं हे सरकार पक्षाचं काम, तो सिद्ध झाला नाही म्हणजे माणूस निर्दोषच. त्याला ते पटलं. पाहुण्यांना पटवायला मी जाणार कुठून? कोर्ट दोष काढून टाकतं, लांछन गावाच्या हातात राहतं. आणि गाव ते सोयरीक जुळवताना बाहेर काढतं.

त्या दिवसापासून पसायदानातली ती ओवी मला वेगळी ऐकू येते.

चंद्रमे जे अलांछन ।
मार्तंड जे तापहीन ।
ते सर्वांही सदा सज्जन ।
सोयरे होतु ॥

इतके दिवस माझं लक्ष पहिल्या ओळीवर होतं. खरं वजन शेवटच्या दोन शब्दांत आहे. हे मागणं कुणाचं आहे, ते पाहा. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या बापाची ही मुलं. परंपरा सांगते की त्यांना वाळीत टाकलं, मुंज नाकारली, आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मुलांचा अपराध काय? काहीही नाही. ज्यांना कुणी सोयरं म्हणायला तयार नव्हतं, त्यांतल्या एकाने शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ग्रंथ पुरा करताना देवाकडे सोयरे मागितले, आणि तेही 'सर्वांही'! डाग लावणाऱ्यांना शिक्षा व्हावी, असं तिथे एका अक्षरानेही नाही. 'खळांची व्यंकटी सांडो' म्हणताना वाकडेपणा जावा एवढंच मागितलंय, माणूस जावा असं नाही.

'तापहीन' शब्द शेजारी का आहे, हेही मला आता कळतं. स्वच्छ चारित्र्याची माणसं मी बरीच पाहिली; त्यांतल्या काहींच्या जवळ उभं राहवत नाही, इतकी ती दुसऱ्याला भाजतात. ज्ञानेश्वरांना निष्कलंक माणूस हवाय तो नातेवाईक म्हणून, न्यायाधीश म्हणून नव्हे. माझ्या अशिलाच्या मुलीला शेवटी सासर मिळालं ते अशाच एका माणसामुळे. मुलाचे आजोबा, निवृत्त पोस्टमन. त्यांनी नक्कल न वाचता परत दिली आणि विचारलं, "पोरगी शिकलीय किती?"

बाई आता नाहीत. संस्कृतचे सर पुण्याला मुलाकडे असतात. शाळेच्या ग्रंथालयाला सार्थ ज्ञानेश्वरीच्या प्रती यंदा मी देतोय. मुख्याध्यापकांना एक विनंतीही केली आहे: आठवीच्या मुलांसाठी वर्षातला एखादा शनिवार पसायदानाच्या अर्थासाठी ठेवावा. बोलावलं तर मी येईन, लाल खडू घेऊन.