झाकणावरचा डबा

एका वाचनालयाच्या दालनातील मत्स्यालयाची देखभाल मी करत असे. ठरलेल्या दिवसाखेरीज तिथून कधी बोलावणे येत नसे, पण त्या सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला, की गप्पींची नवी पिल्ले वाकडी दिसत आहेत. जाऊन पाहिले, तर तीसेक पिल्लांपैकी दहांचा तरी कणा मधोमध वाकलेला होता आणि ती शेपटीकडचा भाग ओढत नेल्यासारखी पोहत होती.

पाणी तपासले. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्य होते, तापमान 26 अंश सेल्सिअस होते. माशांच्या क्षयरोगातही कणा वाकतो, परंतु मोठे मासे धडधाकट होते, कोणीही खंगलेले नव्हते. उरला जवळच्या नात्यातील प्रजननाचा दोष, आणि तेच निदान मी सांगणार होतो. इतक्यात खाद्याची वेळ झाली म्हणून बाईंनी टाकीच्या झाकणावरचा मोठा डबा उघडला आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलासारखा खवट वास माझ्यापर्यंत आला.

तो डबा मीच निवडून दिला होता, हे मला इथे सांगितलेच पाहिजे. घटकांच्या यादीत पहिले नाव माशांच्या भुकटीचे होते, प्रथिने भरपूर होती आणि वर तरंगणारे पापुद्रे गप्पींच्या वर वळलेल्या तोंडाला सोयीचे होते. निवडीत चूक नव्हती. परंतु मोठा डबा स्वस्त पडतो एवढाच विचार करून मी तो घेतला आणि त्याखाली दिवसभर दिवा जळतो, बाजूने ओलसर वाफ येते, दिवसातून दोनदा झाकण उघडते, याचा विचारच केला नाही. पापुद्रा कागदासारखा पातळ असल्यामुळे हवेला त्याचा फार मोठा पृष्ठभाग मिळतो. त्यातली माशांची चरबी खवट होते आणि क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. बहुतेक माशांना हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, आणि ते नसेल तर हाडांना आधार देणारे कोलॅजन नीट बनत नाही. त्याचा फटका सर्वांत आधी वाढत्या पिल्लांच्या कण्याला बसतो. डबा उघडून अकरा महिने झाल्याचे बाईंना आठवले.

मी डबा काढून घेतला. त्याच खाद्याचा लहान, सीलबंद डबा आणला, आठवड्यापुरते खाद्य छोट्या हवाबंद बाटलीत काढले आणि उरलेले शीतकपाटात ठेवायला सांगितले. मात्र तिथून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर आत दव धरते. पिल्लांसाठी पापुद्रे कोरड्या बोटांनी चुरून बारीक जाळीच्या गाळणीतून काढायचे, कारण त्यांच्या तोंडात मावेल एवढाच कण त्यांच्या कामाचा असतो. गोल्डफिश ठेवणारे पापुद्रे भिजवून घालतात, ते हवा गिळली जाऊ नये म्हणून योग्यच आहे. पण वाटीत बराच वेळ भिजत ठेवलेल्या पापुद्र्यातील क जीवनसत्त्व पाण्यात उतरून जाते, म्हणून भिजवायचेच असेल तर काही क्षणच, आणि तेही घालण्याच्या वेळी. दोन मिनिटांत संपेल तेवढेच घालायचे. तळाशी बसलेला चुरा कुजून अमोनिया वाढवतो.

खाद्याच्या ताजेपणाखेरीज मी काहीही बदलले नाही. पाणी, वनस्पती आणि माद्या त्याच होत्या. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पुन्हा पिल्ले देते. त्यानंतरच्या दोन खेपांतील पिल्ले मी भिंगाखाली एकेक करून पाहिली आणि सर्वांचा कणा सरळ निघाला. एका टाकीवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, तरी आनुवंशिक दोषाचे माझे निदान मी मागे घेतले.

आधीची वाकलेली पिल्ले मात्र सरळ झाली नाहीत. बाईंनी ती वेगळी काढू दिली नाहीत. त्यांना धावून खाता येत नाही, म्हणून गाळलेल्या चुऱ्याची पहिली चिमूट त्या अजूनही ती असतात त्या कोपऱ्यात सोडतात.