बदामी की राखाडी: कोथरूडच्या खोलीसाठी दोन शेड तपासताना

खोली दहा बाय बारा, खिडकी पश्चिमेला, जुना रंग पिस्ता. शेड कार्ड चाळून दोन उरले: गुलाबी झाकेचा बदामी आणि फिका राखाडी. कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून काय नको एवढंच कळतं, म्हणून दोन्हींचे 200 मिलीचे सॅम्पल डबे आणले.

पहिली चूक: थेट पिस्त्यावरच हात मारला. हिरव्याला लागून राखाडीही गुलाबट दिसतो, आणि बदामी तर पावडर थापल्यासारखा. मग जाड पांढरे माउंट बोर्ड घेतले, प्रत्येक शेडचे दोन. चार इंची रोलरने दोन हात, मध्ये चार तास, चहूबाजूंनी दोन इंच पांढरी कड मोकळी. ही कड महत्त्वाची. रंगाची खरी झाक पांढऱ्याशेजारीच उघडी पडते. ओला इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग) फिका दिसतो, वाळला की गडद होतो. पावसाळ्यात तर रात्र जाऊ द्यावी, मगच मत द्यावं.

बोर्ड जागा बदलत लावले. खिडकीच्याच भिंतीवर उजेड मागून येतो, तिथे दोन्ही मळकट. समोरच्या भिंतीवर दुपारी चारच्या उन्हात बदामी सरळ पीच झाला. रात्री 6500 केल्विनच्या (थंड पांढऱ्या उजेडाच्या) ट्यूबखाली राखाडी निळसर, 3000 च्या (उबदार पिवळसर) दिव्याखाली बदामी पिवळट. खोली मुख्यतः रात्री वापरायची आणि ट्यूब काढायचीच होती, त्यामुळे राखाडी ठरला.

तरी एक शंका होती. राखाडीचे दोन बोर्ड कोपऱ्यात काटकोनात उभे केले, तर रंग एक घर गडद वाटला, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. म्हणून त्याच पट्टीतला एक पायरी फिका घेतला आणि (कंटाळा आला तरी) त्याचाही बोर्ड केला.

भिंती दहा फूट उंच: 440 चौरस फूट, दार-खिडकी वजा 390. दोन हातांना लिटरमागे 110 चौरस फूट धरले, तर साडेतीन लिटर. म्हणून 4 लिटरचा एकच डबा. सुटे एक-एक लिटर घेतले तर बादलीत एकत्र करून घ्यावेत, टिंटमध्ये (दुकानात मिसळलेल्या रंगछटेत) फरक पडू शकतो. फिनिशही सॅम्पलचंच हवं; बिनचमकीच्या मॅटवर पसंत केलेली शेड हलक्या चमकीच्या सॅटिनमध्ये वेगळी भासते. झाकणावरचा शेडचा कोड आणि बेस (ज्यात टिंट मिसळतात तो मूळ रंग) यांचा फोटो काढून ठेवला.

पिस्त्यावरचे ते दोन चौकोन मात्र प्रायमरआधी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावे लागले. कडा राहिल्या असत्या, तर नव्या रंगातूनही तिरप्या उजेडात दिसल्या असत्या.